भार नसतानाचा दाब

कोल्हापूर, १२ जुलै

स्वस्ति श्री वारणातीरनिवासिनी, खडूधूलिधूसरहस्ता, हजेरीपटस्वामिनी, शालेयखिचडीपरीक्षिका, विलंबागतशिक्षकभयंकरी, प्रभारी मुख्याध्यापिका, शिरोळकन्या, सौभाग्यवती राजमती गोमटेश मगदूम यांच्या चरणकमलांपासून सुरक्षित अंतर राखून, तंत्रनिकेतनातील विद्युत्-शाखेचा (केवळ वयाने) ज्येष्ठ अधिव्याख्याता, निर्वातनलिकाप्रतिपालक, फ्यूजविध्वंसक, अर्धपक्वभातभोजी, राजारामपुरीस्थित अर्ध्या बिऱ्हाडाचा सार्वभौम अधिपती गोमटेश याचा साष्टांग, गुडघेदुखीमुळे वस्तुतः पंचांग, नमस्कार विदित व्हावा.

आपले आज्ञापत्र व्हॉट्सॲपद्वारे पावले. त्यातील मजकूर अभिलेखार्थ येथे उतरवून घेतो: “फोनवर तुम्ही नुसते विनोद करता. म्हणून कागदावर लिहून टपालाने पाठवा. ऑगस्टअखेर मला संस्थेला कळवायचंय, मुख्याध्यापिका म्हणून इथंच कायम होते, की पद सोडून कोल्हापूरच्या शाखेत परत येते. तुम्हाला काय वाटतं? एका वाक्यात. सरळ.”

पैकी ‘एका वाक्यात’ या अटीचे पालन वरील संबोधनात झालेलेच आहे. ते एकच वाक्य आहे, मोजून पाहावे. ‘सरळ’ या शब्दाचा विचार चालू आहे.

विलंबाचे कारण राजकीय स्वरूपाचे आहे. कागलहून आकाराम खोत नामक गृहस्थ आले होते. हे तेथील एका गणेशोत्सव मंडळाचे अध्यक्ष. टेम्पोतून त्यांनी गोणपाटात गुंडाळलेली एक अवजड वस्तू उतरवली आणि ती आपल्या मेजावर ठेवली. आपल्या म्हणजे, माझ्या व तुमच्या नव्हे, केवळ तुमच्या. जिथे पूर्वी उत्तरपत्रिका असत.

“सर, औंदा डॉल्बी न्हाय,” ते म्हणाले.

“स्तुत्य निर्णय. भिंतींनी ठराव केला काय?”

“तसं न्हवं वो. ह्यो आमच्या आज्ज्याचा व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर. गणपतीत सगळी गाणी ह्याच्यावरच लागायची. उठवा ह्याला. पोरं हसली तर हसूंद्यात.”

मी गोणपाट दूर केले. व्हॉल्व्ह, म्हणजे ज्यांना मी वर्गात निर्वात नलिका म्हणतो आणि विद्यार्थी ज्यांना बल्ब म्हणतात, ते आश्चर्यकारकरीत्या धडधाकट होते. गेले होते ते जठर. घरातली वीज घेऊन, तिचा दाब वाढवून, तिला एकाच दिशेने चालायला लावून, तिच्यातली थरथर गाळून ती व्हॉल्व्हना पाजणे हे त्या जठराचे काम. तेथे उंदरांच्या कित्येक पिढ्यांनी संसार केलेला होता. जुन्याची डागडुजी अशक्य. वीजपुरवठ्याचा तो संपूर्ण भाग नव्याने रचावा लागणार.

“गणपतीच्या आधी हुईल न्हवं?”

“विद्या, विनय आणि उद्यमनगरातील ट्रान्सफॉर्मरवाला यांची कृपा असेल तर.”

“म्हंजे हुतंय,” असे म्हणून ते गेले. तुम्हां उभयतांची, म्हणजे तुमची आणि आकारामरावांची, एक सवय समान आहे. माझ्या वाक्यातून क्रियापद तेवढे काढून घ्यायचे आणि बाकीचे परत द्यायचे.

हल्ली अशा रचना आम्ही आधी लॅपटॉपवर करून पाहतो. आकृती काढायची, प्रत्येक घटकाला अंक द्यायचे आणि कळ दाबायची. प्रत्यक्षात वीज वाहिली असती तर काय झाले असते, ते पडद्यावर उमटते. तेथे काही जळत नाही, कोणी दचकत नाही. मनुष्यजातीने शोधलेला हा चुका करण्याचा सर्वांत सभ्य प्रकार होय.

येथे सर्व क्षेम. आपल्या प्रश्नाचे उत्तर यथावकाश.

आज्ञाधारक (आज्ञा सोयीची असल्यास),
गोमटेश


कोल्हापूर, २६ जुलै

हजेरीपटस्वामिनी इत्यादी इत्यादी, राजमतीदेवी यांसी,

आपले उत्तर आले. पोस्टकार्ड अद्याप मिळतात, हे पाहून पोस्टखात्याविषयीचा आदर दुणावला. त्यावर इतकी मोकळी जागा सोडता येते, हे पाहून थोडा घाबरलो. आपण लिहिता: “तुमचं पत्र शिक्षकखोलीत वाचून दाखवलं. सगळे हसले. अनुजा मॅडम तर डोळं पुसत हुत्या. मी हसले न्हाय.”

आपली मराठी एरवी पाठ्यपुस्तकात छापण्याजोगी. ती शिरोळला कधी जाते, हे मला संसाराच्या अनुभवाने ठाऊक आहे. त्या ‘न्हाय’वर मी बराच वेळ बसून होतो.

पुढे आपण लिहिता: “मी निघाले त्या दिवशी तुम्ही रिक्षा थांबवून मानपत्र वाचलं. रिक्षावाल्यानं टाळ्या वाजवल्या. विशेषणं लै हुती. क्रियापद एक बी न्हवतं. ‘जा’ म्हणला न्हाईसा, ‘राहा’ म्हणला न्हाईसा. मी मराठी शिकवते वो, मला वाक्य कळतं.”

मुद्दा व्याकरणदृष्ट्या अचूक आहे. त्या मानपत्राची हस्तलिखित प्रत माझ्याकडे नाही, अन्यथा शुद्धिपत्र जोडले असते. सबब विषयांतर करतो.

वीजपुरवठ्याची रचना सिद्ध झाली. घरातली वीज दोनशेतीस व्होल्ट धरली. ट्रान्सफॉर्मरचे गुणधर्म नोंदले. कंडेन्सर, म्हणजे ज्यांत वीज क्षणभर साठते आणि तिची थरथर निवते, त्या नळकांड्या साडेचारशे व्होल्ट सोसणाऱ्या घेतल्या. आणि आकृतीत पुढच्या सगळ्या व्हॉल्व्हच्या जागी एकच साधा रोध, म्हणजे रेझिस्टर, काढला. व्हॉल्व्ह जितका प्रवाह पितात तितकाच तो पितो. एका चिन्हात सगळे कुटुंब. या पिण्याला आमच्या शास्त्रात भार म्हणतात. कळ दाबली. पडद्यावर तीनशेऐंशी व्होल्टची रेषा उमटली. न डगमगणारी, न थरथरणारी, काशीच्या पंडिताच्या पाठकण्यासारखी.

आपण ‘सरळ’ काहीतरी मागितले होते. त्या रेषेची छापील प्रत सोबत जोडली आहे. एका वाक्यात नव्हे, पण एका रेषेत.

त्याच बैठकीत आपल्या प्रश्नाचेही असेच गणित मांडून पाहिले. आपण परत आलात, तर: मेज मोकळे करावे लागेल, भात पूर्ण शिजेल, आणि तिकडे मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत दुसरे कोणी बसेल. आपण कायम झालात, तर: मेज असेच राहील, मी खानावळीत जेवेन, आणि त्या शाळेची घंटा वेळेवर वाजेल. दोन्ही पक्षी माझ्या प्रकृतीवर काही परिणाम संभवत नाही. मी सकाळी उठतो, शिकवतो, परततो, तांबे आणि कथील हुंगतो, निजतो. दाब स्थिर आहे. तेव्हा निर्णय सर्वस्वी आपला. मी केवळ अनुमोदक.

यापेक्षा समंजस उत्तर कोणत्या पतीने दिले असेल, असे मला वाटत नाही. आपल्यालाही तसेच वाटावे ही अपेक्षा.

ट्रान्सफॉर्मर तार गुंडाळून तयार होऊन आला आहे. वजन इतके की मेजाचा एक पाय बाहेर झुकला. आपण म्हणाल, खाली उतरवा. उतरवतो.

आपला,
गोमटेश


कोल्हापूर, १० ऑगस्ट

राजमती,

मला काही झालेले नाही. डोळे शाबूत आहेत. हे आधी.

घरमालकीण बयाबाईंनी तुला फोन केला, हे मला त्यांच्याकडूनच कळले. खालच्या मजल्यावरून त्यांनी काय वर्णन केले असेल, याची मला कल्पना आहे. त्यातले निम्मे वजा करून वाच. उरलेले असे.

आकारामराव ॲम्प्लिफायरच्या उद्घाटनाला आले होते. नारळ, हळदकुंकू, पाव किलो पेढे. ट्रान्सफॉर्मरला त्यांनी कुंकू लावले तेव्हा मी हरकत घेतली नाही. धातूच्या आवरणाला कुंकवाने बाधा येत नाही. मी चार शब्द बोललो. चारांपेक्षा थोडे अधिक. मग बटण दाबले.

मीटरचा काटा तीनशेऐंशीवर थांबायचा. तो उडी मारून चारशेनव्वदच्या पलीकडे जाऊन उभा राहिला.

“सर, तुमी तीनशेऐंशी म्हणला हुतासा की.”

“होय.”

“मग ह्यो कुठं चाललाय?”

“आकारामराव, यास अपेक्षित मूल्यापासूनचे विचलन म्हणतात,” असे म्हणून मी त्या विचलनाचे स्वरूप समजावू लागलो. व्हॉल्व्ह अजून काळेच होते. त्यांच्या तारा तापायच्या होत्या. बटण बंद करणे, एवढेच त्या क्षणी करण्यासारखे होते. मी अधिक समर्पक विशेषण शोधत होतो.

“सर, काय तरी शिजल्यागत वाजतंय…”

आणि कंडेन्सर फुटला. एकच आवाज, पण तो घराने, जिन्याने आणि बहुधा गल्लीनेही ऐकला. आतला कागद आणि ॲल्युमिनियमची पन्नी यांचा चिवडा आढ्यापर्यंत उडाला. आकारामरावांच्या टोपीवर, पेढ्यांवर, तुझ्या मेजावर, सर्वत्र. वास असा, की वर्णन केले तर बयाबाई खोली सोडायला लावतील.

त्या जिन्यातूनच ओरडत आल्या. “वो मगदूम सर! काय फुटलं? जित्तं हायसा न्हवं?”

“देहाने, होय.”

“बाईंस्नी फोन लावू?”

“नको.”

“नको म्हणलासा म्हंजे लावायलाच पायजे.”

आकारामराव टोपी झटकत होते. “सर, एक सांगू? असा बार आमच्या मंडळात दहा वर्सांत उडाला न्हाय.” मग माझा चेहरा पाहून त्यांनी पेढ्यांचा पुडा झाकला.

बयाबाई फोन करून परत वर आल्या. मी विचारले, काय म्हणाल्या बाई? “म्हणल्या, डोळं बघा त्यांचं.” आणखी? “आणखी काय न्हाय. मी सांगत हुते, त्या ऐकत हुत्या. फोन काय ठेवला न्हाय त्यांनी. माझंच बोलणं सपलं म्हणून मी ठेवला.”

रात्री लॅपटॉप पुन्हा उघडला. रेषा तशीच सरळ. तीनशेऐंशी. यंत्र खोटे बोलत नव्हते. त्याला जे सांगितले होते, त्याचेच उत्तर ते देत होते. काय सांगितले होते, ते मग एकेक करून पाहिले.

घरची वीज मी दोनशेतीस धरली होती. भर पावसात शेतातल्या मोटारी बंद असतात, वीज ओढणारे कोणी नसते, आणि तारांतला दाब चढतो. त्या दिवशी तो अडीचशेच्या वर होता. पण एवढ्याने कंडेन्सर फुटत नाही. खरी गोष्ट दुसरी. व्हॉल्व्ह थंड असतात तोवर ते थेंबभरही प्रवाह पीत नाहीत. तापेपर्यंतच्या त्या वेळात पुढे कोणीच नसते. भार नसला की दाब चढतच जातो. आणि मी आकृतीत व्हॉल्व्हच्या जागी जो रोध काढला होता, तो पहिल्या क्षणापासून पीत होता. थंड नाही, उशीर नाही, कधी अनुपस्थिती नाही. तो आहेच, असे मी गृहीत धरले होते.

हे शेवटचे वाक्य लिहून मी थांबलो. आमच्या शास्त्रात ‘गृहीत धरणे’ ही नित्याची क्रिया आहे. प्रत्येक गणिताची पहिली ओळ तीच असते. तू मराठीची शिक्षिका. या शब्दाचा दुसरा उपयोग तुला मी सांगायला नको. ‘गृह’ आणि ‘गृहीत’ एकाच धातूतून निघतात, असे वैयाकरण म्हणतात. मला ती नेहमीच एक मनोरंजक माहिती वाटत आलेली आहे.

मागच्या पत्रात मी लिहिले होते की माझ्या प्रकृतीवर काही परिणाम संभवत नाही, दाब स्थिर आहे. ते वाक्य त्याच आकृतीवरून लिहिलेले होते. ते रद्द समजावे.

मेजावर एक डाग पडला आहे. पुसून पाहिला, निघत नाही.

गोमटेश


कोल्हापूर, २४ ऑगस्ट

प्रिय राजमती,

हे संबोधन मी यापूर्वी कधी लिहिल्याचे स्मरत नाही. विचित्र दिसते, पण चालेल.

तुझे कार्ड आले. “डाग राहू दे. पुढचं लिहा,” एवढेच. एका ओळीत दोन क्रियापदे. आणि मराठी पाठ्यपुस्तकातही नाही, शिरोळलाही नाही, मधेच कुठेतरी आहे. त्यावरून मला काय वाटले, ते लिहिण्याचा मोह आवरतो. तू म्हणतेस तसे पुढचे लिहितो.

वीजपुरवठा दुरुस्त झाला. कंडेन्सर अधिक सोसणारे घातले. त्यांच्यावर एक छोटा रोध कायमचा जोडला. पुढे कोणी असो वा नसो, तो थोडे थोडे पीत राहतो, साठलेले सोडत राहतो. आणि एक विलंब ठेवला: आधी व्हॉल्व्हच्या तारा तापतात, मगच उच्च दाब त्यांच्याकडे जातो. हे सर्व आधी लॅपटॉपवर केले. या वेळी व्हॉल्व्ह थंड आहेत असे सांगितले, घरची वीज चढलेली आहे असे सांगितले. जी रेषा आली ती पाहण्यासारखी नाही. बराच वेळ तळाशी पडून राहते, मग एकदम चढते, डोके वर काढते, वाकते, हेलकावते आणि मग कुठेतरी टेकते. छापील प्रत जोडत नाही. पण यंत्र तसेच वागते. फुटत नाही.

काल कागलला जाऊन बसवून आलो. मंडपाचे अजून नुसते वासे उभे आहेत. आकारामरावांनी आजोबांच्या वेळची एक ध्वनिमुद्रिका लावली. ती अर्धी खरखर होती. उरलेल्या अर्ध्यात एक बाई गात होत्या, आणि त्या बाई तिथेच, वाशांच्या मागे कुठेतरी उभ्या आहेत असे वाटले.

“पोरे हसली काय?” मी विचारले.

“हसली की. मग बसली,” ते म्हणाले. मग ॲम्प्लिफायरवर हात धरून: “पर सर, गर्मी लै हाय वो ह्याची. दुधाचं पातेलं ठेवलं तर उतू जाईल.”

येताना एस.टी.त मला एक उपमा सुचली. तिच्यात तू होतीस, मी होतो, तो छोटा रोध होता. फार सुंदर उपमा होती. अनुजा मॅडमनी पुन्हा डोळे पुसले असते. हमरस्त्यावर येईपर्यंत मला ती आवडली, आणि पुढे आवडेनाशी झाली. एखाद्याने फुटू नये म्हणून दुसऱ्याने जन्मभर त्याच्यावर जोडलेले राहावे, हे यंत्राच्या बाबतीत ठीक आहे. तू तिकडे मुख्याध्यापिका आहेस. ज्या शाळेत घंटा कोणी मनावर घेत नव्हते, तिथे आता शिपाई तुझ्या आधी येऊन उभा असतो, असे तूच सांगितलेस, फोनवर, जूनमध्ये. आणि मी त्यावर काहीतरी विनोद केला. तो विनोद मला आठवत नाही. तुझा आवाज आठवतो. तू इतकी आनंदात होतीस.

म्हणून उपमा टाकून दिली. उत्तर देतो.

तू कायम हो.

मला तू इथे हवी आहेस.

तू एक वाक्य मागितले होतेस. ही दोन झाली, आणि ती एकमेकांशी भांडतात. उभयान्वयी अव्यय घालून पाहिले; ‘पण’ घातले की पहिले खोटे पडते, ‘तरी’ घातले की दुसरे तुझ्यावर ओझे होते. म्हणून सुटी ठेवली आहेत. दोन्ही खरी आहेत. आधीची पत्रे बाजूला ठेवलीस तरी चालेल, ही दोन ठेव.

संस्थेला कळव. महिनाअखेरीची वाट पाहू नकोस.

आणि एक विचारतो. शनिवारी तुझी शाळा सकाळची असते. मी दुपारच्या एस.टी.ने येऊ? नको असेल तर ‘नको’ लिही, मी त्याचा अर्थ बयाबाईंसारखा लावणार नाही. आलो तर मानपत्र आणणार नाही. तुझी खोली पाहीन, भांडी घासून देईन, तू शाळेचे सांगशील ते ऐकेन. ऐकताना मध्ये बोलणार नाही, असे वचन देववत नाही, प्रयत्न करतो.

हे पत्र शिक्षकखोलीत वाचू नकोस.

आता एक तक्रार आहे, आणि ती गंभीर आहे. गॅसची टाकी संपली. नोंदणी केली, टाकीवाला आला आणि म्हणाला, ओटीपी सांगा. ओटीपी तुझ्या फोनवर जातो. तू वर्गात, फोन पर्समध्ये. मी त्याला माझे ओळखपत्र दाखवले, लग्नाचा फोटो दाखवला. तो म्हणाला, “सर, फोटो झ्याक हाय, पर नंबर पायजे,” आणि टाकी घेऊन परत गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एजन्सीत गेलो, तर जोडणी तुझ्या नावावर, फोन क्रमांक बदलायचा तर तू स्वतः यायला हवे. तेही कामाच्या दिवशी, म्हणजे तुझ्या शाळेच्याच वेळात. दोन दिवस मी बयाबाईंच्या शेगडीवर चहा करून पितो आहे, आणि त्या दर वेळी त्यात वेलदोडा घालतात, जो मला मुळीच आवडत नाही. टाकीवाला उद्या पुन्हा यायचा आहे. तो नेमका तुझी शाळा भरल्यावरच का येतो, याचे उत्तर त्याच्याकडेही नाही.

गोमटेश